चौदा गाड्यांची जागा

मुकुट घरात असेपर्यंत भांडायचं नाही, असा तोस्ते घराण्याचा नियम होता. इतक्या वेळा मोडला गेलेला दुसरा नियम त्या घराण्यात नव्हता, पण निदान मोडताना आवाज खाली ठेवायची रीत होती.

पवित्र आत्म्याचा तो चांदीचा मुकुट ईस्टरपासून सात आठवडे सान तेल्मोतल्या सात पोर्तुगीज घरांत फिरतो. ज्या घरी जातो त्या घराचं दार आठवडाभर उघडं. यंदा तो देओलिंदाकडे आला होता. पंच्याहत्तराव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, तिने रोज संध्याकाळी जपमाळेला येणाऱ्या चाळीस-पन्नास माणसांना कॉफी आणि गोड पाव पुरवला होता. आज शेवटचा दिवस, रविवार. आणि सकाळीच तिच्या धाकट्या भावाने, लॉरेनिओने, आपण होऊन निरोप धाडला होता : दुपारी जेवायला येतो, नोएमियालाही बोलाव.

नोएमिया म्हणजे त्यांच्या वारलेल्या मधल्या भावाची, आदेलिनोची मुलगी. ईस्टरच्या जेवणात काकाच्या ताटाशेजारी नॅपकिन आपटून उठली होती ती, त्यानंतर दोघं एका छपराखाली आलेली नव्हती.

"काका कशाला येतोय, आत्या?" कांदा चिरता चिरता तिने चौथ्यांदा विचारलं.

"जेवायला."

"सान तेल्मोचा नगराध्यक्ष नुसता जेवायला कुठे जात नाही. परवा मतदान आहे. तो काहीतरी घेऊन येतोय बघ."

देओलिंदाने मटणाच्या रश्श्यात पुदिन्याची जुडी सोडली आणि झाकण ठेवलं. पोरगी छत्तीस वर्षांची झाली तरी सुरी अशी चालवायची की बघणाऱ्याने हात मागे घ्यावा. तिच्या बापाचाच हात. पण बाप बेकरीच्या भट्टीपाशी उभा राहून हसत हसत मेला, आणि ही गेली चार वर्षं त्या बंद बेकरीच्या दारात उभी राहून दात-ओठ खात होती.

बेकरी तिघांची होती. म्हाताऱ्या तोस्तेने मरताना तीन सारखे वाटे केले : देओलिंदा, आदेलिनो, लॉरेनिओ. आदेलिनोचा वाटा नोएमियाकडे आला. जुनी इमारत पाडून खाली पुन्हा बेकरी आणि वर चौदा बिऱ्हाडं बांधायची, हे तिचं स्वप्न. नकाशे तयार होते, बँक तयार होती. घोडं अडलं होतं ते गाड्यांपाशी. बिऱ्हाडं चौदा, म्हणजे गाड्या उभ्या करायला जागा चौदा, असा गावाचा कायदा. बेकरीचा तुकडा एवढासा, आणि खाली आठ फुटांवर पाणी. तळघर खणलं तर त्यात गाड्या नाही, मासे ठेवावे लागले असते. ज्याला जागा देता येत नाही त्याने जागेमागे ठरलेली रक्कम नगरपालिकेला भरायची आणि सुटायचं. गावात तिला गाडीपट्टी म्हणत. आजचा दर जागेमागे नऊ हजार डॉलर. तेवढे भरून नोएमियाची इमारत उभी राहत होती. परवा मंगळवारी तो दर बेचाळीस हजार करायचा ठराव येणार होता, आणि बेचाळीस हजारांनी चौदा जागा मोजल्यावर बँकेचा माणूस फोन उचलायचा बंद झाला असता. मग बेकरी विकायची, आणि घेणारा ती पाडून काय करणार तर गाड्यांसाठी मोकळं मैदान. समोरच्या चार दुकानांचं तेच झालं होतं.

सभेत मतं पाच. दोन इकडे, दोन तिकडे, पाचवं लॉरेनिओचं. पण ज्याची मालमत्ता त्या दराखाली येते त्याने मतदानाच्या वेळी सभागृहाबाहेर जायचं, असा नियम. बेकरीच्या वाट्यापायी लॉरेनिओला बाहेर जावं लागणार, मतं दोन-दोन अडकणार, ठराव पडणार. याच हिशोबावर नोएमिया गेला महिनाभर झोपत होती.

साडेबाराला लॉरेनिओ आला. बहात्तर वर्षांचा, ताठ, पांढरा शर्ट, हातात हॅट. आधी मुकुटासमोर गुडघा टेकला, मग बहिणीच्या दोन्ही गालांना गाल लावला. मागून त्याची मुलगी नतालिया भाताची खीर घेऊन, आणि तिच्या मागे जावई जिल, हातात काळी बॅग.

जिल सरकारमान्य शिक्केवाला होता. लोकांच्या सह्या खऱ्या आहेत हे बघून शिक्का मारायचा आणि पंधरा डॉलर घ्यायचे, हा त्याचा धंदा.

"जिल," नोएमिया दारातच म्हणाली, "आमच्याकडे चमचे आहेत. खायची हत्यारं घरून आणायची गरज नव्हती."

जिलने बॅग पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. ती काही लपण्यासारखी नव्हती.

"जेवून घेऊ," लॉरेनिओ म्हणाला. "पोटात अन्न गेलं की कान उघडतात."

जेवले. सोपास कधी बिघडत नाही. पावाच्या जाड तुकड्यांवर गरम रस्सा ओतला की भांडणारी माणसंही दहा मिनिटं गप्प बसतात. दहा मिनिटांनी नोएमियानेच तोंड फोडलं.

"काका, बेचाळीस हजार हा आकडा कुठून काढलात? लॉटरीच्या डब्यातून?"

"पार्किंगची तीन मजली इमारत बांधायची तर एका जागेला तेवढा खर्च येतो. मोजून काढलाय. नऊ हजार हा दर ठरला तेव्हा तुझ्या बापाच्या डोक्यावर केस होते."

"आणि ती तीन मजली इमारत कधी येणार? वीस वर्षं ऐकतेय."

"पैसे जमले की. नऊ-नऊ हजारांनी जमतात होय? लोक फुकट बिऱ्हाडं बांधतात, भाडी खातात, आणि त्यांच्या भाडेकरूंच्या गाड्या माझ्या म्हाताऱ्या मतदारांच्या दारात. दोन्या ऑगुस्ताला चर्चला जायला चार गल्ल्या चालावं लागतं!"

"चार गल्ल्या का चालावं लागतं? मधली सगळी दुकानं पाडून तुम्ही मैदानं केलीत म्हणून! मी स्वतः मोजलंय, शनिवारी दुपारी निम्म्या जागा रिकाम्या असतात. कबुतरं उभी असतात त्यांत."

"बाबा," नतालिया हळूच म्हणाली, "ती म्हणते ते खरंच आहे. मीही तिथेच गाडी लावते, कधी अडचण येत नाही."

"तू खीर वाढ," लॉरेनिओ म्हणाला.

देओलिंदा ऐकत होती. भावाचं खोटं नव्हतं, हेच दुखणं होतं. लबाड असता तर सोपं गेलं असतं. लॉरेनिओ, तिचा लाउ, लबाड नव्हता, फक्त त्याला एकदा जे दिसलं ते कायमचं दिसायचं. ती तीन मजली इमारत त्याने इतकी वर्षं डोळ्यांसमोर धरली होती की तिच्या आडून त्याला समोरचं माणूस दिसत नव्हतं.

लॉरेनिओने चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि जिलकडे बघून मान हलवली. जिलने बॅगेतून कागद काढले.

"लिंदा," तो म्हणाला, "मी काय घेऊन आलोय ते ऐक. बेकरीतला माझा तिसरा हिस्सा मी तुला देतोय. फुकट. एक सेंटही नको. आज, आत्ता, मुकुटासमोर."

नतालियाच्या हातातली खिरीची वाटी टेबलावर कलंडली. देओलिंदाला आधी खरंच गहिवरून आलं. आयुष्यात लाउने तिला दिलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे कपडे वाळवायचं यंत्र, तेही त्याच्याकडे नवीन आलं म्हणून.

"घेऊ नकोस!" नोएमिया खुर्चीवरून उठली. "आत्या, हात लावू नकोस त्याला! कळलं का तो काय करतोय? हिस्सा गेला की मालमत्ता गेली, मालमत्ता गेली की त्याला बाहेर जावं लागत नाही. मंगळवारी खुर्चीत बसून बेचाळीस हजारांना हात वर करायला मोकळा! तुला दान देत नाहीये तो, तुझ्या हाताने माझा गळा धरतोय!"

आवाज मुकुटापर्यंत गेला. सगळ्यांनी एकदम बाहेरच्या खोलीकडे पाहिलं.

"खरं आहे का, लाउ?" देओलिंदाने विचारलं.

"खरं आहे," लॉरेनिओ म्हणाला. लपवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "वकिलाला विचारून आलोय. वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी घासलो, तिच्या मतदानाला मी बाहेर व्हरांड्यात कॉफी पीत उभा राहू? त्यापेक्षा हिस्सा गेला चुलीत. आणि तुला देतोय, परक्याला नाही."

"मी नाही म्हटलं तर?"

"बाबा काय म्हणायचे? मुकुटासमोर दिलेलं नाकारायचं नाही. तू नाकारशील? मुकुट तुझ्या घरात असताना?"

त्याने दिवस निवडून काढला होता तर. देओलिंदाच्या मनातला गहिवर कॉफीतल्या साखरेसारखा विरून गेला आणि खाली नुसता कडूपणा उरला. बहीण नाही म्हणणार नाही, हे त्याने गृहीत धरलं होतं. कसं धरणार नाही? बाबांच्या मयताला चार शब्द बोलायचे होते, ते तिच्या वतीने लाउ बोलला. टेर्सेइरा बेटावरून आलेला तो सुतार तिला मागणी घालायला आला, त्याला दारातून परत पाठवायचं कामही तिच्या वतीने लाउनेच केलं. पन्नास वर्षं झाली त्याला. सुताराचं नावसुद्धा आता घरात कुणाला आठवत नसेल. तिला आठवत होतं.

"नतालियाला द्या," नोएमिया म्हणाली. "द्या तुमच्या मुलीला. बघू ती घेते का."

"मी नाही घेणार, बाबा," नतालिया ताबडतोब म्हणाली. "मला यात ओढू नका. आणि जिलच्या नावावर टाकाल तर जिल आजपासून सोफ्यावर झोपेल."

जिलने दोन्ही हात वर केले. "मी फक्त शिक्का मारतो."

"बघा!" नोएमिया हसली, पण डोळे भरले होते. "फुकट देताय, तरी कुणी घेत नाही. आत्या, नाही म्हण. एवढं एकच कर माझ्यासाठी. तो बाहेर गेला की दोन-दोन मतं होतात, ठराव पडतो, नऊ हजार राहतात. बस्स."

देओलिंदाने चष्मा लावला आणि कागद पुढे ओढला.

ठराव पडतो, नऊ हजार राहतात. बरं, राहिले. मग? इमारतीचा अर्ज चार महिने नोएमियाच्या गाडीत पडून होता. तो दोनदा नगरपालिकेच्या खिडकीवरून परत आला होता, कारण मालक तीन आणि सह्या दोनच. लाउ सही करत नव्हता. मी नगराध्यक्ष, माझं नाव अर्जावर दिसलं तर लोक तोंडात शेण घालतील, हे त्याचं म्हणणं. मतं दोन-दोन झाली काय आणि चार-एक झाली काय, तो काल सही देत नव्हता आणि उद्याही देणार नव्हता. नोव्हेंबरात निवडणूक, नवी माणसं, नवा ठराव. पोरगी एका भिंतीवर डोकं आपटत होती आणि भोक दुसऱ्याच भिंतीत होतं.

हिस्सा लाउचा राहिला नाही, तर सही लाउची लागत नाही.

तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. देणारा, लॉरेनिओ तोस्ते. घेणारी, देओलिंदा तोस्ते. आजपासून मालक दोन. आणि अर्ज ज्या दिवशी खिडकीवर घेतला जातो त्या दिवशीचा दर लागतो, हे तर नोएमियाच तिला दहा वेळा सांगून बसली होती. मंगळवारच्या आधी सोमवार येतो. खिडकी आठला उघडते.

लाउच्या हे ध्यानात कसं आलं नाही? गावाचे कायदे त्याला तोंडपाठ. पण ज्या कागदाकडे चार महिने त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं, तो कागद त्याच्या लेखी जगात नव्हताच. त्याला फक्त मंगळवार दिसत होता. तिने कागद चेहरा झाकेल इतका वर धरला.

"लिंदा?" लॉरेनिओ म्हणाला.

"पेन दे, जिल."

"आत्या!"

"बस खाली, नोएमिया."

"बस काय? तू सही करतेयस? त्याने बोट दाखवलं की तू करतेस! जन्मभर हेच केलंस! बाबा म्हणायचे, लिंदा म्हणजे लाउची सावली. मी भांडायचे त्यांच्याशी. तुझ्यासाठी भांडायचे मी!"

ते लागलं. पोरीला माहीत नव्हतं किती लागलं. आत्या एक शब्द बोलली असती तर पोरीचा राग तिथेच थांबला असता, पण लाउही तिथेच थांबला असता. देओलिंदाने ओठ घट्ट मिटले. जिलने तिचा गाडीचा परवाना पाहिला, तिचा अंगठा वहीत उमटवून घेतला, लॉरेनिओचाही घेतला. हे सगळं त्याने इतकं सावकाश केलं की तिला त्याच्या हातातला शिक्का हिसकावून घ्यावासा वाटला. नोएमिया गाडीची किल्ली शोधत होती, आणि किल्ली सापडत नव्हती, देवाची कृपा.

लॉरेनिओने सही केली. देओलिंदाने केली, पूर्ण नावाने, आईच्या घराण्याच्या नावासकट. शिक्का बसला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," जिल म्हणाला. "आता हिस्सा तुमचा."

"नक्की?"

"अगदी कायदेशीर."

"मग नोएमिया, किल्ली शोध, पण घरी जायला नको. तो अर्ज गाडीतून घेऊन ये."

"कुठला अर्ज?"

"कुठला म्हणजे? इमारतीचा. तिसऱ्या सहीची जागा रिकामी आहे ना? ती आता रिकामीच राहू दे. मालक दोनच आहेत. उद्या सकाळी आठला मी खिडकीवर पहिली उभी राहणार आहे, नऊ हजारांच्या दराने."

नोएमिया मटकन खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून हसायला लागली की रडायला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नतालियाने खिरीचा चमचा तोंडात घातला आणि खिडकीबाहेर बघितलं, बापाला आपले खांदे हलताना दिसू नयेत म्हणून.

लॉरेनिओला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो आधी लाल झाला, मग त्याने कागदावर हात ठेवला.

"परत दे, लिंदा."

"दिलेलं?"

"तू फसवलंस मला."

"मी? दिवस तू निवडलास. कागद तू आणलेस. शिक्केवालासुद्धा तुझ्याच घरचा. मी फक्त सोपास केला."

"परत दे म्हणतो!"

"बाबांचं वाक्य तू अर्धंच सांगितलंस, लाउ. मुकुटासमोर दिलेलं नाकारायचं नाही, आणि मागे घ्यायचं नाही. मी पहिलं पाळलं, दुसरं तू पाळ." तिने कागदावरचा त्याचा हात उचलला आणि त्याच्याच मांडीवर ठेवला. "तरी मी वाईट नाही. हवा असेल हिस्सा, तर घे आत्ता परत. जिल आहे, शिक्का आहे. पण मग मंगळवारी व्हरांड्यात कॉफी. बोल, हिस्सा की खुर्ची?"

लॉरेनिओने कागदाकडे पाहिलं. तो काय निवडणार हे देओलिंदाला माहीत होतं, आणि ते माहीत असल्याचं तिला वाईटही वाटलं. एवढ्या वर्षांचा भाऊ, त्याच्या मनाचा तळ इतक्या सहज दिसायला नको होता.

"खुर्ची," तो म्हणाला, आणि उठला.

ती त्याला पोचवायला दारापर्यंत गेली. आत नोएमिया आणि नतालिया एकदम बोलत होत्या, जिल बॅग आवरत होता. पायरीवर लॉरेनिओने हॅट डोक्यावर ठेवली.

"तुमचं साधलं, ठीक आहे. पण मंगळवारी मी बेचाळीस हजारांनाच मत देणार आहे. जीव गेला तरी."

"दे की. मी येणारच आहे."

"तू दर वेळी येतेस. तिसऱ्या रांगेत बसतेस."

"या खेपेला बोलायची चिठ्ठी भरणार आहे."

तो थांबला. "तू? सभेत? काय बोलणार तू? तुमचं काम तर उद्याच होतंय."

"माझं होतंय. कोपऱ्यावरच्या ओचोआचं नाही होत. त्याला चपलांच्या दुकानावर मुलीसाठी दोन खोल्या चढवायच्यात. बेचाळीस हजार झाले की त्याने त्या कुठे बांधायच्या, ढगात? त्याला ना हिस्सा देणारा भाऊ, ना घरात मुकुट. त्याच्यासाठी बोलणार आहे. आणि त्या कबुतरांबद्दलही बोलणार आहे."

"लोकांसमोर? माझ्या विरुद्ध?"

"तुझ्यासमोर. आजवर माझ्या वाटचं तू बोललास, लाउ. सगळीकडे. आता माझं मी बोलते. नाव मात्र तुलाच पुकारावं लागेल, अध्यक्ष आहेस. देओलिंदा तोस्ते, असं पूर्ण पुकार. तीन मिनिटं मिळतात माणसाला, आणि मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, हा नियम तूच केलास ना?"

लॉरेनिओने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"अस्संच," देओलिंदा म्हणाली. "मंगळवारी अस्संच बसायचं."